बांधापलीकडचा वाटाणा

मी नाल्याकडचा तुकडा बोलतोय. नाशिकच्या शिवेवर सत्तर सालापर्यंत मी अख्खं शेत होतो. मग दोन भावांच्या वाटण्या झाल्या, मधोमध बांध पडला आणि विहीर गेली वरच्या तुकड्याकडे, थोरल्या जावेच्या, आक्काबाईच्या वाट्याला. धाकट्या सुलाबाईला मिळालो मी, आणि माझ्यासोबत पावसाळ्यापुरता वाहणारा नाला.

तेव्हापासून मी जळतोय. खोटं कशाला बोलू? वरच्याला पाणी सुटलं की मी इकडे नुसत्या जिभल्या चाटायचो. त्याचा वाटाणा पंचवटीच्या बाजारात हातोहात खपायचा. सुलाबाईसुद्धा पाटी घेऊन निघाली की मान वळवून तिकडेच बघायची. आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

पुढे नाल्याच्या वरच्या अंगाला तांब्याची भांडी तेजाबानं उजळणारा कारखाना आला. त्याचं धुवण नाल्यात सुटलं आणि नाला बारमाही झाला. मला आभाळ ठेंगणं झालं. "आता तू जळ लेका!" मी वरच्याला ऐकवलं.

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी माझा वाटाणा पिवळा पडला, पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. सुलाबाईनं युरिया टाकला, शेणखत घातलं, काही फरक नाही. शेवटी शेतकी खात्यातले यादवसाहेब आले. त्यांनी एक रोप उपटून मुळं धुतली.

"बाई, मुळांवर गाठी कुठं आहेत? त्याच हवेतलं नत्र धरतात. नाल्याच्या पाण्यानं मातीत तांबं साचलंय. आता कितीही खत घाला, मुळांना ते उचलता येत नाही."

म्हणजे ताट वाढलेलं होतं, पण माझ्या रोपांच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता.

शहाऐंशी साली पावसानं ओढ दिली. विहिरीनं तळ गाठला. आक्काबाई कधी नव्हे ती बांधावर आली.

"सुले, वाटाणा फुलावर आलाय. नाल्याचं एक पाणी दे ना. विहिरीवरचं इंजिन नाल्यावर लावू, बांध जरासा फोडून पाणी वर घेऊ."

मी हरखलो. दे गं बाई, दे! होऊ दे त्याचंही माझ्यासारखं! सुलाबाईनं फावडं उचललं. पण तिनं बांधावर उलट मातीच चढवली.

"नाय देणार, जाऊबाई."

"अजून विहिरीचा राग हाय का तुला?"

"हाय. लय हाय." सुलाबाईनं माझं एक रोप उपटून तिच्या हातात दिलं. "पण ही मुळं बघा. हे पाणी पाजलं तर तुमचंबी असंच होईल."

आक्काबाईनं आपलं एक रोप उपटून शेजारी धरलं. त्याची मुळं गुलाबी गाठींनी गच्च भरली होती. मग तिनंही बांधावर ओंजळभर माती टाकली.

त्या साली तिचा निम्मा वाटाणा वाळला, निम्मा टिकला. आता मी पडीक आहे. सुलाबाई निम्म्या वाट्यानं वरच्या तुकड्यात राबते आणि माझ्याकडे पाठ करून खुरपते. आधी विहीर गेली, मग बाईही गेली. कसा जळणार नाही मी?

तरी एक मागणं आहे. काही झालं तरी तो बांध फोडू नका. हेवा करायला तरी मला कुणीतरी हिरवं लागतं.