दुसरी बुडी

शेषेरावांनी देव बदलला तेव्हा इस्लापुरात कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. पन्नाशीत माणसाला काहीतरी होतंच. कुणी बुवा धरतो, कुणी बाटली धरतो. पण त्यांनी चहा सोडला आणि गाव हादरलं. सोयऱ्याच्या ओसरीवर बसून "मी घेत न्हाई" म्हणणारा माणूस आमच्याकडं आजारी तरी असतो नाहीतर रुसलेला तरी. शेषेराव दोन्ही नव्हते. ते मॉर्मन झाले होते.

मणक्याच्या इलाजासाठी ते हैदराबादला राहिले होते. तिथं पांढरा सदरा, काळा टाय अशा वेशातली दोन पोरं त्यांना भेटली. येशूला मानणारा, पण अमेरिकेत उपजलेला हा पंथ. प्रेषित वेगळा, ग्रंथ वेगळा. दारू, तंबाखू, चहा बंद, आणि मेल्यावरही कुटुंब तुटत नाही ही हमी. शेषेरावांना त्यातली सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट मात्र त्या पोरांनी सांगितलेली नव्हती. ती त्यांनी मोबाइलवर स्वतः हुडकली. या पंथात एके काळी काळ्या माणसाला याजकपद देत नसत. बाप्तिस्मा, म्हणजे पंथात घेताना पाण्यात बुडी, द्यायचा हक्क त्याला नव्हता. काळी कातडी म्हणजे जन्माआधीच्या जगात कच खाल्लेल्या आत्म्यांवरचा डाग, असं काही जुने पुढारी शिकवत. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली ती बंदी उठली आणि पुढं पंथानं ती शिकवणही नाकारली. शेषेराव तिथवर वाचत गेले नाहीत. आपल्या सोयीचं पान सापडलं की माणूस पुस्तक मिटतो.

शेषेराव स्वतः गोरेपान, घाऱ्या डोळ्यांचे. त्यांची बायको तारामती काळी. नुसती सावळी नव्हे. तव्याचं बूड, असं तिची सासूच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लग्न मोडता मोडता राहिलं ते तिच्या बापानं ओलिताचं रान दिलं म्हणून. तेव्हापासून नवऱ्यानं तिला नावानं हाक मारलेली नव्हती. "काळे, पाणी आण." "काळे, म्हशी बांध." दोन लेकरं झाली. हरिओम बापावर गेला, साक्षी आईवर. बापानं साक्षीला कधी कडेवर घेतलं नाही, आणि नऊ वर्षांची असताना ती डेंग्यूनं गेली. तेराव्याच्या पंगतीत हा माणूस म्हणाला, "काळीचं काळं गेलं," आणि आणखी एक लाडू मागून घेतला. त्याच्या तोंडात किडे पडोत.

नव्या देवानं त्या तोंडाला एवढंच दिलं, की जे आधी नुसतं टोचून बोलणं होतं ते आता शास्त्र झालं.

शेषेरावांचं नांदेडातही घर होतं. दर रविवारी तिथं, वरच्या खोलीत, पंथाची दहाबारा माणसं जमायची. प्रार्थना व्हायची. मग प्रेम नावाचा तरुण पाव मोडायचा आणि छोट्या पेल्यांतून पाणी वाटायचा. इतर ख्रिस्ती द्राक्षरस घेतात, हे लोक साधं पाणी घेतात. प्रेम विष्णुपुरीच्या कॉलेजात नोकरीला होता, बौद्ध घरातला, हैदराबादला शिकताना या पंथात आलेला. नांदेडात याजकपद मिळालेला तो एकटाच. त्याच्या हातचं ताट समोर आलं की शेषेरावांना नेमका खोकला यायचा. आठवड्यातून एकदाच येणारा असा खोकला कुठल्याच डॉक्टरनं पाहिला नसेल.

एकदा प्रेमनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "काका, ती कातडीची गोष्ट चूक होती असं चर्चनंच सांगितलंय."

"देव काय दर निवडणुकीला पक्ष बदलतो का रे?" शेषेराव म्हणाले. "आधी सांगितलं ते सांगितलं."

तारामती जिन्याजवळ बसून ऐकायची. तिला ना प्रेषिताशी घेणं होतं, ना ग्रंथाशी. पण एका रविवारी प्रेम बोलता बोलता म्हणाला, की बाप्तिस्मा झालेल्या नवराबायकोची पुढं मंदिरात गाठ बांधतात, लेकरांसकट, कायमची.

"मेलेलं लेकरू बी?" तिनं विचारलं. त्या खोलीत पहिल्यांदाच तिचा आवाज आला होता.

"हाव, मावशी. गेलेलं बी."

झालं. त्या दिवसापासून तारामतीला जगात दुसरं काही नको होतं. तिला बाप्तिस्मा हवा होता, कारण पलीकडं साक्षी होती. ती नवऱ्याच्या मागं लागली आणि नवरा म्हणत राहिला, "काळ्यांना शेवटीच मिळतं. तुला बी शेवटी मिळंल." पुढं हैदराबादहून शेषेरावांनाच पंथाचे नांदेडचे प्रमुख करायची बोलणी सुरू झाली आणि तिकडून विचारणा आली, तुमच्याच घरची बाई बाहेर कशी? तेव्हा कुठं ते तयार झाले. जागा ठरली इस्लापूरच्या रानातलं शेततळं. हैदराबादहून गोरा अमेरिकन साहेब येऊन बुडी देणार, हेही ठरलं. शेषेरावांनी त्या साहेबासाठी नवी खुर्ची आणून ठेवली.

ठरल्या दिवशी साहेबाची गाडी निजामाबादेजवळ बंद पडली. फोन आला, की थांबू नका, प्रेमला हक्क आहे, त्याच्या हातून होऊ द्या.

शेषेरावांचा चेहरा उतरला. "पुढच्या म्हयन्यात बघू," ते म्हणाले. "माझ्या रानात, माझ्या पाण्यात, ह्याच्या हातनं? न्हाई."

प्रेम तोवर पांढरे कपडे घालून पाण्यात उतरला होता. तो तसाच कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. वर यावं की नाही हे त्याला कळेना. तळ्याला आतून काळं प्लास्टिक अंथरलेलं. त्यावर पाय ठरत नाही, म्हणून खुंटीला जाड दोर बांधून आत सोडला होता. तारामतीनं नवऱ्याकडं पाहिलं, दोराकडं पाहिलं. एवढी वर्षं ती त्याच्या हुकमाशिवाय शेजारच्या दारातही गेलेली नव्हती. तिनं दोर धरला आणि उतरली.

"काळे!" वरून आवाज आला. तिनं मान वळवली नाही.

प्रेमनं तिचं मनगट धरलं, उजवा हात वर केला, ठरलेले शब्द म्हटले आणि पाठीला हात देऊन तिला अलगद मागं पाण्यात घेतलं. कानांत पाणी शिरलं, वरचं आभाळ हिरवं झालं, आणि ती वर आली ती हसतच. काठावर साक्षीदार म्हणून शिंपीकाम करणारा भागवत आणि त्याची बायको मनिषा उभे होते. पंथाचा नियम असा, की अंग न् अंग, कपडा न् कपडा पाण्याखाली गेला पाहिजे. बोटभर वर राहिलं तरी बुडी फुकट. हैदराबादहून आलेला पांढरा अंगरखा-पायजमा अंगाला बसतो, बुडतो. पण शेषेरावांनी तो घालू दिला नव्हता. "पायजमा घालून माझी बायको रानात फिरणार का?" म्हणून तारामती लुगड्यात होती. लुगड्यात हवा भरली होती आणि पदर पाण्यावर फुगून तरंगला होता.

भागवत काही न बोलता राहिला असता तर? पण तो सरळ माणूस, आणि सरळ माणसासारखा सत्यानाश कुणी करत नाही. "पदर वर राह्यला," तो म्हणाला. "पुन्हा घ्यावं लागतंय."

प्रेमनं पुन्हा हात वर केला. या वेळी त्यानं तारामतीच्या खांद्यावर जरा जोर दिला, पदर दाबून धरला आणि तिला खाली घेतलं. त्याच घडीला बांधावर फटफटी थांबली. हरिओम दोन दोस्तांना मागं बसवून आला होता.

हरिओमला बापाचा हा देव मुळीच मान्य नव्हता. तालुक्यात तो पोरांची एक संघटना चालवायचा, गळ्यात गमछा, मागं चार टाळकी. त्यानं काय पाहिलं? एक माणूस आपल्या मायला पाण्यात दाबतोय. आणि तो माणूस कोण, हेही त्यानं पाहिलं. पहिल्या गोष्टीनं तो धावला असेल. बांधावर पडलेलं फावडं मात्र त्यानं दुसऱ्या गोष्टीनं उचललं, हे त्याच्या शिव्यांवरून सगळ्या रानाला कळलं. त्यात मायचा उल्लेख नव्हता, नुसती जात होती.

पहिला घाव काठावरूनच प्रेमच्या मानेवर बसला. तारामती पाण्यातून वर आली तेव्हा पाणी लाल होत होतं.

"हरी! आरं, मीच म्हटले त्याला! मीच!"

त्याला ऐकू आलं. ऐकू आल्यावरही त्यानं दुसरा घाव घातला. प्रेम काठाकडं सरकला, प्लास्टिकवर हात टेकून वर यायला बघू लागला, घसरून परत आत गेला. पुन्हा आला. हरिओमनं त्याच्या बोटांवर फावड्याचा दांडा हाणला. हाड मोडल्याचा आवाज तारामतीला इतका जवळून आला, की तिला वाटलं आपलंच काही मोडलं. फावड्याचं पातं फिरलं ते प्रेमच्या डाव्या डोळ्यावर. तो ओरडला नाही, त्याच्या तोंडून नुसता बुडबुड्यांचा आवाज आला. भागवत मधे पडायला गेला, त्याला हरिओमच्या दोन दोस्तांनी बांधावर पाडून लाथांनी तुडवलं. मनिषा किंचाळत सडकेकडं पळाली.

"दोर! अवं, तो दोर इकडं सरकवा!" तारामती नवऱ्याकडं बघून ओरडली. दोराची खुंटी शेषेरावांच्या पायाशीच होती, दोर पाण्यात लोंबत होता.

शेषेराव वाकले. तिला वाटलं, देतायत. त्यांनी दोर दोन्ही हातांनी हळूहळू वर ओढून घेतला, वेटोळं केलं आणि साहेबाच्या खुर्चीवर ठेवलं.

मग तारामतीला काय झालं ते तिचं तिलाच सांगता आलं नाही. प्रेम पालथा होत होता. तिनं पाठीमागून त्याच्या काखेत हात घातले, त्याचं तोंड पाण्याच्या वर धरलं आणि आपलं डोकं त्याच्या डोक्यावर ठेवलं. "हाण," ती पोराला म्हणाली. "हाण आता." आणि त्यानं हाणलं. तिचा दंड काटकीसारखा मोडला. तरी तिनं प्रेमला सोडलं नाही. हरिओमच्या हातून फावडं पडलं, तो फटफटीवर बसून गेला आणि सडकेवरचे लोक धावत आले.

विष्णुपुरीच्या दवाखान्यात प्रेमला आत घेतलं. डोळा गेला होता, कवटीला चीर होती. तो बोलेल का नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. बाहेरच्या बाकावर त्याची आई भामाबाई बसली होती. हाताला प्लास्टर घातलेली तारामती तिच्याजवळ गेली, तशी ती सरकून लांब झाली.

"आमचा बाप छप्पन साली ह्यातनं सुटला," भामाबाई म्हणाली. "अन् माझं लेकरू परत तुमच्या पाण्यात उतरलं. जा तिकडं."

तारामती गेली. व्हरांड्याच्या टोकाला शेषेराव उभे होते, धुतलेल्या कपड्यांत. आवाज मऊ करून त्यांनी तिला समजावलं.

"जबाबाला पोलीसबाई आलीय. सांग, की तो मला धरून बुडवून राहिला होता, पोराला वाटलं माय मरायली. एवढंच. तो आता बौद्ध बी राह्यला न्हाई, त्याला ॲट्रॉसिटीचा कायदा लागत न्हाई. चार दिवसांत मिटंल. मग साहेब येतील, सोता तुला बुडी देतील. मंदिरात जाऊ. तुझी पोरगी तुला मिळंल, कायमची."

तारामतीचा विश्वास होता, हसू नका, पुरता विश्वास होता. दुसरी बुडी पुरी झाली की नाही हे कुणी पाहिलं नव्हतं. खरं सांगितलं तर आता पंथ तिला घेणार नाही, पोरगं तुरुंगात जाणार, आणि पलीकडं साक्षी कायमची एकटी राहणार. एका खोट्या वाक्यात दोन्ही लेकरं हातात येत होती.

"तिथं आपण तिघं संगं राहणार?" तिनं विचारलं.

"तिघं. अनंतकाळ."

"मग तिला हाक काय मारताल?"

शेषेरावांना प्रश्न समजला नाही. "म्हंजे?"

"पोरीचं नाव घ्या."

त्यांना आठवत होतं की नाही कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त वैताग होता. "काळे, ही येळ हाय का?" ते म्हणाले.

"एकटी राहील तर राहू द्या तिला," तारामती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, आवाज मात्र हलला नाही. "तिथं तिला काळी म्हणणारं तरी कुणी नसंल."

सिंधु नावाची पोलीसबाई कागद घेऊन आली. तारामतीनं आधी पोराचं नाव सांगितलं. फावडं त्याच्या हातात होतं, मी ओरडून सांगितल्यावरही त्यानं हाणलं, दोर वरच्या वर ओढून घेतला गेला, असं सांगितलं. तेवढं बोलताना ती दोनदा थांबली.

"अन् दोर ओढणारा कोण?" सिंधुनं विचारलं.

"माझा मालक."

"मावशी, नाव सांगावं लागतंय."

जन्मात तिनं ते नाव तोंडानं घेतलं नव्हतं. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईनं शिकवलं होतं.

"शेषेराव," ती म्हणाली. आणि नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्यानं म्हणाली.