न लिहिलेला रक्तदाब

मित्रांनो, मी पाऱ्यावर चालणारा एक जुना रक्तदाबमापक आहे. नाव उच्चारायला जड आहे, म्हणून निपाणीत सगळे मला बीपीची पेटी म्हणतात आणि मलाही आता तेच आपलं वाटतं. झाकणाच्या आत काचेची उभी नळी, तिच्या कडेने आकडे, तळाशी पारा, दंडाला बांधायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. सेलवर चालणाऱ्या हल्लीच्या यंत्रांसारखा मी पीं-पीं करून आकडा ओरडत नाही. माझ्याकडे बघावं लागतं, कानाला नळी लावून ऐकावं लागतं. याचा मला थोडा गर्व आहे. म्हातारपणी एवढा चालतो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका लहान कारखान्यात झाला. एका बाईने माझा पट्टा शिवला, एका माणसाने पारा भरला आणि दुसऱ्या मोठ्या यंत्राशी माझे आकडे ताडून पाहिले. मग खोक्यात बसून मी कोल्हापूरच्या एका दुकानात आलो आणि तिथे सत्याप्पांच्या हाती पडलो. सत्याप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाली करत. त्यांची मुलगी पारमिता नर्सिंगची परीक्षा पास झाली होती. घरात शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच. सत्याप्पांनी लेकीला भेट म्हणून मला घेतलं.

"घरात कुणाला बीपी हाय?" दुकानदाराने विचारलं.

"कुणाला न्हाय," सत्याप्पा म्हणाले. "पोरगी नर्स झालीया."

असा मी पारमिताच्या पिशवीत शिरलो, तो कायमचाच. दवाखान्यात दुसरी यंत्रं होती, पण तिचा भरवसा माझ्यावर. तिची एक रीत होती. पट्टा बांधला की लगेच फुगा दाबायची नाही. आधी रुग्णाचं मनगट हातात घ्यायची आणि मराठीत, नाहीतर कन्नडमध्ये, घरचं विचारायची. म्हैस व्याली का, लेक माहेरी आली का, असलं काहीतरी. माणूस जरा निवला की मग माझा पारा वर चढायचा. आकडा कितीही दिसो, तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणायचे, पारमिता सिस्टरने बघितलंय ना, मग मी पुन्हा बघत नाही. ते ऐकून तिच्यापेक्षा मीच जास्त फुगायचो.

लग्नानंतर आमची चाकरी वाढली. दर रविवारी विहारात वंदना झाली की पारमिता पडवीत चटईवर बसायची आणि वस्तीतली वडीलधारी माणसं बाह्या सरसावून रांगेला लागायची. बहुतेकांचा जन्म वखारीत नाहीतर विड्या वळण्यात गेलेला. दवाखान्यात जायचं म्हणजे त्यांना धास्ती. घरची नर्स असताना जायचं कशाला, असं ते म्हणत. रांगेत पहिला मान शेवंताबाईंचा. या पारमिताच्या सासूबाई. पारमिता त्यांना आत्या म्हणते.

शेवंताबाईंनी जन्मभर मांडी घालून विड्या वळल्या. सुपात पानं, मांडीवर तंबाखू आणि मान खाली. सुनेचा पांढरा गणवेश त्या दुसऱ्या कुणाला धुऊ देत नसत. त्याला नीळही त्याच घालायच्या आणि दोरीवर असा वाळत टाकायच्या, की गल्लीतून जाणाऱ्याला दिसलाच पाहिजे.

मग एकदा वॉर्डात एका जड रुग्णाला कुशीवर वळवताना पारमिताच्या कमरेतून कळ गेली, ती थांबलीच नाही. मणका सरकला होता. आता माणूस उचलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मित्रांनो, वॉर्डातल्या नर्सने माणूस उचलायचा नाही, तर करायचं काय? दवाखान्याने काही महिने तिला चौकशीच्या टेबलावर बसवलं आणि मग सौम्य शब्दांत सांगितलं की पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. चाळिशी ओलांडलेली, कमरेला पट्टा, हातात एकच विद्या. ती विद्या उभ्याने करायची होती आणि तिला आता उभं राहवत नव्हतं.

त्याच सुमारास सौम्या भेटायला आली. कंग्राळीच्या शेतकरी घरातली ही मुलगी पूर्वी पारमिताच्या हाताखाली नर्स होती. आता ती बेळगावात एका कंपनीत काम करत होती आणि तिथल्याच टिळकवाडीत त्या कामाचे वर्गही चालवत होती.

"आक्का, तुम्ही मेडिकल कोडिंग शिका की," ती म्हणाली. "परदेशातल्या दवाखान्यांचे कागद येतात. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला क्रमांक असतो. तो शोधून द्यायचा. त्यावर विम्याचं बिल निघतं. तुम्हाला आजारांची नावं पाठ आहेत. आणि काम बसून असतंय."

शेवंताबाई आतून ऐकत होत्या. सौम्या गेल्यावर त्या बाहेर आल्या.

"बसून?" त्या म्हणाल्या. "मी जल्मभर बसून काम केलं. माझी सून उभी राहून काम करती, ह्ये मी समद्या गल्लीला सांगती. आन् आता तू माणसं सोडून कागदापुढं मान खाली घालून बसणार व्हय?"

पारमिता चहाचे कप उचलायला लागली. सासूला उलट बोलायची तिला सवयच नव्हती. पण ते बोलणं तिला लागलं, कारण तेच भय तिच्याही मनात होतं. माणसाच्या मनगटाला हात लावायचा नाही, तर मी नर्स कसली, आणि नर्स नाही तर मी कोण? मलाही धास्ती वाटली. तिने हे काम धरलं तर माझी जागा फडताळात, हे मला दिसत होतं.

तरी तिने सौम्याच्या वर्गात नाव नोंदवलं. दर शनिवारी ती कमरेला पट्टा आवळून बेळगावच्या बसमध्ये चढायची आणि पिशवीत मी असायचोच. वर्गातल्या मुली तिच्या लेकी शोभतील अशा वयाच्या. त्या भराभर क्रमांक शोधायच्या. पारमिता चष्मा वर-खाली करत हळूहळू जायची, पण चुकायची नाही. तिच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला.

मग सराव परीक्षा झाली आणि ती नापास झाली.

चूक एकाच जातीची होती आणि ती वारंवार झाली होती. एका कागदावर एका बाईचा रक्तदाब तीन भेटींत चढत गेलेला होता. डोकं दुखतं, चक्कर येते, असंही लिहिलेलं होतं. पारमिताने उच्च रक्तदाबाचा क्रमांक टाकला होता. दुसऱ्या कागदावर साखर वाढलेली दिसली, तिथे तिने मधुमेह टाकला होता. वर्गातल्या मुलींपैकी कुणीही ही चूक केली नव्हती. त्यांना आकडे बघून आजार कळतच नव्हता.

सौम्याने तिला बाजूला घेतलं. "आक्का, उच्च रक्तदाब आहे असं डॉक्टरांनी लिहिलंय का कुठं?"

"लिहिलं नाही. पण आकडा समोर दिसतोय की गं. आंधळ्यालाही कळंल."

"दिसू दे. आपण ठरवायचं नाही. आकडा म्हणजे निदान नव्हे. शंका आली तर डॉक्टरांना विचारणा पाठवायची, त्यांनी लिहिलं तर क्रमांक द्यायचा. तुम्ही अजून वॉर्डात उभ्या आहात."

परतीच्या बसमध्ये पारमिताने तो कागद पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. खरं सांगू, मला सौम्याचा राग आला होता. आकडा म्हणजे निदान नव्हे, तर मग मी इतकी वर्षं केलं काय? पारमिताला वेगळंच वाटत होतं. त्या अनोळखी बाईचं डोकं दुखतंय, हे दिसत असून आपण हात बांधून बसायचं, हे तिला जमेना. पुढच्या शनिवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही गेली नाही. शेवंताबाईंनी कपाटातला पांढरा गणवेश काढून पुन्हा एकदा धुतला.

एका सकाळी शेवंताबाई भाकरी थापत होत्या. पीठ त्यांच्या डाव्या हातातून परातीत पडलं. त्यांनी पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. त्या हसल्या, तेव्हा तोंड एका बाजूला गेलं. पारमिताने ते पाहिलं मात्र, तिने प्रज्ञेशला, म्हणजे नवऱ्याला, हाक मारली आणि गाडी काढायला लावली. गाडीत तिने मला सासूच्या दंडाला बांधलं. माझा पारा इतका वर कधी गेला नव्हता. नर्स म्हणून ती त्या दिवशी एक क्षणही चुकली नाही. वेळेत बेळगावला पोचलो, म्हणून शेवंताबाई वाचल्या.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना बीपीचा त्रास कधीपासून आहे?"

"तीन-चार वर्षं वरच असतंय," पारमिता म्हणाली.

"गोळी कोणती?"

"नाही. गोळी नाही."

"कुठल्या डॉक्टरांना दाखवलं होतं? काही कागद?"

"नाही. घरी मीच बघत होते."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. त्यांनी मान खाली घालून लिहिलं: उच्च रक्तदाब, तीन-चार वर्षांपासून. उपचार नाहीत.

पारमिताने ते उलट्या बाजूने वाचलं. परक्यांच्या कागदावर जे शब्द शोधून ती दमली होती, ते इथे उशिरा लिहिले गेले होते, तिच्या डोळ्यांदेखत. दर रविवारी माझा पारा खरं बोलत होता. ती पाहत होती, मनात ठेवत होती आणि म्हणत होती, आत्या, मीठ जरा कमी खावा. एकदा तिने गोळीचा विषय काढला होता. गोळी एकदा लागली की जल्माची लागली, असं म्हणून शेवंताबाईंनी तो मोडून काढला होता आणि तिने पुन्हा काढला नव्हता. दवाखान्याच्या त्या बाकावर ती ओंजळीत तोंड घालून रडली. मी तिच्या मांडीवर होतो. माझा गर्व त्या दिवशी गेला, मित्रांनो.

शेवंताबाई घरी आल्या. बोलणं बरंचसं परतलं, डावा हात मात्र कमजोर राहिला. पारमिता त्यांना भरवत होती, तेव्हा म्हणाली, "आत्या, मी आता कुठंच जात नाही. तुमच्यापाशीच राहते."

शेवंताबाईंनी घास सावकाश गिळला.

"माझ्यापाशीच हुतीस की इतकी वर्सं," त्या म्हणाल्या. "तरी ह्ये झालं."

पारमिताचा हात थांबला.

"तुला लावून बोलत न्हाय पोरी. मी गोळीला नको म्हटलं आन् तू ऐकलंस. सून म्हणून ऐकलंस. वॉर्डातल्या कुठल्या म्हातारीचं तू असलं ऐकून घेतलं असतंस का? न्हाय. त्या कागदावर डॉक्टरांनी लिवल्याबिगर काय बी मानायचं न्हाय, असं ती कंग्राळीची पोरगी सांगती, ह्ये तूच म्हणालीस न्हवं दवाखान्यात? बरूबर सांगत हुती. जा तू. शिक ते."

"पण बसून..." पारमिता म्हणाली.

"बसूनच ह्ये घर चालीवलं मी," शेवंताबाई म्हणाल्या. "बसून काम करणारीला मी हलकं मानलं, म्हंजे मी मलाच हलकं मानलं. मला तवा कळलं न्हाय."

पुढच्या शनिवारी पारमिता बसमध्ये चढली. आता ती घरातूनच काम करते, खिडकीपाशी, पाठीला उशी लावून. एखाद्या कागदावर आकडा ओरडत असला आणि डॉक्टरांनी नाव लिहिलेलं नसलं, तर ती क्रमांक टाकत नाही आणि सोडूनही देत नाही. विचारणा पाठवते आणि उत्तराची वाट पाहते. मनगट हातात नसलं तरी ती नर्सच आहे, असं मला वाटतं. तिला अजून रोज तसं वाटत नाही. काही दिवस ती पडद्याकडे बघत नुसतीच बसते.

रविवारी विहारात अजून रांग लागते, पण ती छोटी झाली आहे. आकडा वर दिसला की पारमिता सरकारी दवाखान्यात धाडते आणि डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय पुढच्या खेपेला पट्टा बांधत नाही. काही म्हातारे रुसले, काही येईनासे झाले. पाऱ्याची यंत्रं आता मोडीत निघत आहेत, तेव्हा माझेही फार दिवस नाहीत. मला कचऱ्यात टाकू नका, एवढं सांगून ठेवतो. पारा सांडला तर विष असतो, तो जाणत्या माणसाच्याच हाती द्या.

आणि दुसरं मागणं त्याहून मोठं आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल. त्याच्याकडे बघून निश्चिंत होऊ नका. आम्ही मोजतो, बरं करत नाही. घरातलं माणूस जाणतं असलं, तरी ते आधी घरातलं असतं. त्याला तुमचा शब्द मोडवत नाही. म्हणून आजी-आजोबांना डॉक्टरांकडे न्या. नको म्हणाले तरी न्या.

आमच्या घरी रोज सकाळी पारमिता शेवंताबाईंच्या उजव्या हातावर गोळी ठेवते. शेवंताबाई कुरकुरतात, तोंड फिरवतात, आज राहू दे म्हणतात. ती आता त्यांचं ऐकत नाही.