भिमाजींच्या उरलेल्या गोळ्या

गोजराबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, ही गोष्ट गोटीराम काकडांना रोज कशावरून तरी आठवायची. पत्र आलं तेव्हा आंबे संपत आले होते. आता दिवाळी उरकली, तरी उत्तर गेलं नव्हतं.

गोजराबाई सिन्नरकडच्या. त्यांचे यजमान भिमाजी यांच्या हृदयात झडप बसवलेली होती, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी ते नाशिकला गोटीरामांच्या औषधदुकानातून नेत. गोटीराम बोलायला भिडस्त. समजावून सांगताना जीभ अडखळायची, म्हणून ते प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरांत लिहून देत, गोळी केव्हा घ्यायची, काय टाळायचं. पुढे दुकान सून प्रतिभानं सांभाळायला घेतलं आणि ते घरी बसले. त्यानंतर काही महिन्यांनी भिमाजी वारले.

पत्र नातीनं लिहिलं होतं, शब्द गोजराबाईंचे. रक्ततपासणी झाली की डॉक्टर गोळीचा जोर कमी-जास्त करत, त्यामुळे निरनिराळ्या जोराच्या गोळ्या घरात उरल्या होत्या. "माणसानं कधी ताटात शीत टाकलं नाही. चप्पल, छत्री दहाव्याला दिली. गोळ्या वर्षश्राद्धाला भिकनभाऊजींना द्यायच्या ठरवल्यात. त्यांनाही झडपच बसवलीय, गोळीही तीच चालू आहे. भावाचं दान म्हणून ते घेतो म्हणालेत. कोणती कशी घ्यायची ते तुम्ही लिहून द्या. तुमचं लिहिलेलं आमच्या घरात सगळे मानतात."

ते शेवटचं वाक्य गोटीरामांच्या उरावर बसलं होतं. गोळी तीच, हे खरं. पण ही गोळी ज्याच्या-त्याच्या रक्ताची तपासणी करूनच ठरवावी लागते. भिकननं भिमाजींच्या मापानं घेतली आणि जास्त झाली, तर मेंदूतसुद्धा रक्तस्राव व्हायचा. कमी पडली, तर झडपेवर गुठळी. एवढंच लिहायचं होतं. गोटीराम मात्र पुस्तकं उघडून बसत, पानंच्या पानं लिहीत, आणि वाचून पाहिलं की वाटे, हे सांगणं डॉक्टरांचं, आपण कोण? शिवाय नवऱ्याच्या नावानं केलेलं दान जिवावर बेतेल, हे त्या बाईला कोणत्या शब्दांत कळवायचं? फोन नंबर पत्रात नव्हता. असता तरी त्यांच्याच्यानं बोलवलं नसतं.

"वर्षश्राद्ध कधी हाय?" मेथी निवडता निवडता सिंधुबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"येत्या पंचमीला."

"म्हंजी आठवडा बी नाय. दुकानात तर लय भराभरा लिहायचे तुम्ही. माझ्या किराणाच्या यादीवर एकदा 'जेवणानंतर' लिहून ठेवलं होतं."

गोटीरामांना हसू आलं नाही. "देऊ नका म्हणून लिहीन. मग गोळ्या टाकायच्या कुठं? गोदावरीत? उकिरड्यावर? तेच खत भाजीला जाणार."

"मग कुठं टाकायच्या ते शोधा. अन् द्यायला दुसरं कायतरी सुचवा. बाईला द्यायचंय हो. तिचे हात रिकामे कसे ठेवाल?"

गोटीरामांनी पत्र खिशात घातलं. मग चपला घालून दुकानात गेले.

"आप्पा, घरी गेलेली गोळी परत विकता येत नाही," उरलेल्या गोळ्यांचं ऐकून प्रतिभानं बजावलं.

"विकायची नाही गं. नाहीशी करायचीय. नीट."

समोरच्या दवाखान्यातला औषधी कचरा भट्टीत जाळायला गाडी येऊन नेते. त्यात द्यायला डॉक्टर नाही म्हणणार नाहीत, असं ती म्हणाली आणि लगेच विचारूनही आली. त्यांनी होकार दिला होता.

"भिकनची रक्ततपासणी वेळेवर होत असेल का?" गोटीरामांनी विचारलं.

"कसली होतेय? असे बरेच पेशंट गोळी चालू ठेवतात आणि तपासणी टाळतात. कामाचा दिवस मोडतो ना. सोबतीला कोणी असलं तरच येतात."

गोटीरामांनी गल्ल्यावरचं पेन उचललं आणि उभ्यानंच लिहायला घेतलं.

"गोजराबाईंस नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. भिमाजींच्या गोळ्या भिकनरावांना देऊ नयेत. दोघांची गोळी एक असली तरी रक्त एक नाही. चुकीच्या जोरानं जीव जाऊ शकतो. घ्यायला सुरुवात केली असेल, तर आजच डॉक्टरांना दाखवावं. त्यांची स्वतःची गोळी आपल्या मनानं बंद करू नये. भिमाजींच्या नावानं भिकनरावांना रक्ततपासणीला घेऊन जा, सोबत बसा. हेच दान करा. दर वेळी करा. उरलेल्या गोळ्या नदीत किंवा चुलीत न टाकता दुकानात आणून द्या, आम्ही बघतो. हे पत्र सगळ्यांसमोर वाचावं."

'जीव जाऊ शकतो'च्या आधी त्यांनी 'बहुधा' घातला. मग तो खोडला.

पोस्टात खिडकीपाशी त्यांनी विचारलं, "पंचमीच्या आत पोचेल?"

"स्पीड पोस्टानं उद्या-परवा."

"नक्की?"

"काका, सिन्नर आहे, सिंगापूर नाही." कारकुनानं हात पुढे केला. पाकीट मात्र गोटीरामांच्या हातातच होतं. "द्यायचंय ना?"

"हो," गोटीराम म्हणाले, आणि त्यांनी ते दिलं.