कावीळ झालेलं झाड

धाकट्या जावेने फाटकापासून पायरीपर्यंत सोनेरी पानांच्या दुरांट्याची रोपं ओळीने लावली, तेव्हा थोरली दारात उभी राहून म्हणाली, "अगं, नर्सरीवाल्याने आजारी रोपं गळ्यात मारली की काय तुझ्या? सगळ्यांना कावीळ झालीय!"

थोरलीचा अर्धा जन्म इस्पितळात गेला होता. निवृत्त झाली तरी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. पिवळं काही दिसलं की तिचा हात आधी नाडीकडे जायचा.

"ताई, रंगच तसा आहे त्यांचा," धाकटी हात झटकत म्हणाली. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालायचं. गिऱ्हाइकाला फाटकातच प्रसन्न वाटावं, एवढीच तिची हौस. "ऊन पडू दे, मग बघा झळाळी."

झळाळी होती खरी. पण सिस्टरच्या मनातली शंका हटेना. सकाळचा चहा घेऊन ती रोपांशी उकिडवी बसू लागली. एक दिवस तिच्या लक्षात आलं, शेंड्याची पानं पिवळीधमक, पण आत दाटीत लपलेली पानं चक्क हिरवी. एकाच फांदीच्या लेकरांत हा दुजाभाव का?

धाकटीला विचारावं, तर ती हसणार. म्हणून सिस्टरने पेटीतलं जुनं बँडेज काढलं, एक उंच फांदी निवडली आणि शेंड्यासकट सैलसर गुंडाळली. नव्या पानांना वाढायला जागा ठेवून नेटकी गाठ मारली. हात काही विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी माप द्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, "झाडाला काय लागलं हो?"

धाकटी बाहेर येऊन बघतच राहिली. "ताई! हात मोडला का त्याचा?"

"मोडला नाही. देखरेखीखाली ठेवलंय."

"आणि घरी कधी सोडणार?"

"बरं वाटलं की."

धाकटी हसून हसून बेजार झाली, पण कुतूहल तिलाही स्वस्थ बसू देईना. येता-जाता ती बँडेजची कड उचलून डोकावायची. सिस्टरने एकदा रंगेहाथ पकडलं. "भेटायची वेळ संध्याकाळची," ती करड्या आवाजात म्हणाली.

काही आठवड्यांनी दोघींनी मिळून गाठ सोडली. आत कोवळी पानं फुटली होती, आणि ती हिरवी होती.

"कावीळ उतरली!" धाकटीने टाळी वाजवली.

"म्हणजे सगळा उन्हाचा खेळ," सिस्टर हरखून म्हणाली.

फांदी तशीच उघडी राहिली. दोन दिवसांत त्या हिरव्या पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या. सिस्टर चरकली. "चुकलंच माझं. खाटेवरून उठलेल्या माणसाला कुणी एकदम भर उन्हात चालवतं का?" पुढे त्याच फांदीला नवी पानं आली, सोनेरी, तेव्हा कुठे तिला जेवण गोड लागलं.

कोडं सुटलं असं वाटतंय, तोच दुसऱ्या एका रोपाच्या बुडातून जाडजूड फांदी उठली. भर उन्हात, आणि हिरवीगार! सिस्टरचा सगळा हिशेब कोलमडला. तिने तडक नर्सरी गाठली.

"लगेच छाटा," नर्सरीवाला म्हणाला. "अधूनमधून एखादी फांदी मूळ हिरव्या वळणावर जाते. तिला जोर जास्त. ठेवलीत तर सगळं झाड हिरवं करून टाकेल."

"पण अशी का जाते?"

"आता ते झाडालाच विचारा, सिस्टर. मी आपला कापतो."

धाकटी कात्री घेऊन तयारच होती. सिस्टर म्हणाली, "काप, पण टाकू नकोस." फांदीचा तुकडा तिने एका डब्यात खोचला. त्याने मूळ धरल्यावर डबा गच्चीवर, सगळ्यात कडक उन्हात ठेवला. येणारं प्रत्येक पान हिरवंच आलं.

एका सकाळी धाकटी तिला शोधत गच्चीवर आली. "ताई, हिरव्या पानांचा काय दुष्काळ पडलाय जगात?"

"दुष्काळ नाही गं. भावंडं उन्हात पिवळी होतात, आणि हे पठ्ठं बधत नाही. इकडे बघ, या नव्या पानाच्या देठाशी किंचित पिवळी रेघ आहे, का मला भास होतोय?"

खालून गिऱ्हाईक हाका मारत होतं. "आले, आले," धाकटी ओरडली आणि तिथेच उकिडवी बसली. "सरका थोडं. नीट दिसत नाही."