परत आलेल्या कॉलरी

शर्टांच्या त्या कारखान्यात कॉलरवालीच्या हातची कॉलर सगळ्यांत टोकदार, पण तिचा गठ्ठा मात्र रोज सगळ्यांत शेवटी संपायचा. तिच्या तीन मैत्रिणी नऊ वर्षं तिच्यासाठी खाली थांबायच्या. एके दिवशी त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुटीत खिडकीपाशी तिचं स्टूल नव्हतं, आणि त्या तिघींतली अखंड बडबडणारी, म्हणून सगळ्यांची मैना, म्हणत होती, "किती ताटकळायचं गं तिच्यासाठी? आणि आली तरी तोंडात मिठाची गुळणी!"

तेव्हापासून कॉलरवाली मशीनपाशीच डबा उघडायची. दोष आपलाच, असं तिनं मनाशी धरलं. घरी भावजयीनं विचारलं, "वन्सं, आरशाशी काय बोलताय?" ती चपापली. लोकांना हसवायला शिकत होती, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

पंधराव्या दिवशी जेवायची घंटा झाली तशी मैना आली आणि तिच्या मांडीवर कॉलरींचा ढीग टाकला.

"तपासणीतून माझ्या वीस परत आल्यात बघ. मास्तर मला इस्त्रीवर धाडतील. दे ना उसवून नीट करून, नेहमीसारखं." मग आवाज मऊ करून, "आणि ये की खिडकीपाशी. स्टूल ठेवते."

स्टूल! तिचा जीव आधीच तिकडे जाऊन बसला. सवयीनं हात कात्रीकडे गेला. पहिली कॉलर उसवता उसवता मात्र ती थबकली. रोज, अगदी कालपर्यंत, आधी मैनाच्या, मग त्या दोघींच्या, आणि उरल्या वेळात आपल्या. म्हणून तर उशीर व्हायचा! देवा, एवढी साधी गोष्ट, ती ना त्यांच्या लक्षात आली, ना माझ्या.

"मैना, बस इथं," ती हळूच म्हणाली. "उलटवायच्या आधी कोपऱ्यावर एक आडवा टाका घ्यायचा. दाखवते, मग तूच कर."

"मी? जेवायची सुटी घालवून?"

"मी घालवतच होते की गं."

"अगंबाई, भाव खातेस होय! राहा मग एकटी."

मैना ढीग उचलून गेली. खिडकीपाशी कुजबुज झाली, मग हसू फुटलं. ते तिच्या काळजात रुतलं. एकदा वाटलं, उठावं आणि त्या वीसच्या वीस मागून आणाव्यात. तिनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि आपली कॉलर सुईखाली सरकवली.

पाच वाजायच्या आत तिचा गठ्ठा बांधून झाला.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आज काय, पंख फुटले?"

"नाही मास्तर. आज फक्त माझंच केलं."

मास्तरांनी वरची कॉलर उचलली, टोकावर बोट टेकवलं. "म्हणजे इतकी वर्षं..." म्हणत त्यांनी खिडकीकडे मान वळवली.

पुढचं एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. "येते मास्तर," म्हणाली आणि जिना उतरली.

रस्त्यावर अजून ऊन होतं. बोलायला शेजारी कुणी नव्हतं. वळणाशी रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. पण मागं वळून पाहिलं नाही.