ओट्यापाशी अंग चोरून

“मामा, ही बशी कोण विसरलं?” मॅडमनी विचारलं, तेव्हा मान खाली घालण्यावाचून इलाज नव्हता. एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत काचेच्या बशा धुतोय. सुट्टीआधी त्यांतले जंतू वाफेच्या भांड्यात मारायचे, हा नियम नव्या लोकांना मीच शिकवतो. आणि निवृत्तीला दोन दिवस उरलेले असताना मीच माती खाल्ली.

पण मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी बशी उजेडात धरली. आत जंतूंची एकात एक वलयं उमटली होती, कंपासने काढावीत तशी. ही कोणी काढली, म्हणून मी विचारलं.

“कोणीच नाही. यांच्यात मुकादम नसतो, मामा. जो तो फक्त शेजाऱ्याचा अंदाज घेतो. थोडं थांबायचं, मग पुढे सरकायचं. त्यातूनच नक्षी होते.”

“आणि जिथून सुरुवात झाली, ते मधलेच मेले तर?”

“कडेच्यांना पत्ताही नसतो. ते तसेच पुढे जातात.”

बशी मी माझ्याच हाताने वाफेत टाकली. जिवावर आलं.

संध्याकाळी लेकीकडे गेलो, ते ‘नाही’ सांगायला. निवृत्त झालात की आमच्याकडे या, म्हणून ती मागे लागली होती. खरं कारण सांगायची लाज वाटत होती. माझं स्वयंपाकघर म्हणजे नुसता बोळ. बायको ओट्यापाशी उभी असली की मी आणि लेक अंग चोरून, भिंतीला खांदा घासत फडताळाकडे जायचो. असं जा म्हणून कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मी अजून तसाच जातो. ते घर सोडलं की तिची उभी राहायची जागाही जाईल, एवढंच माझं दुखणं.

लेकीचं स्वयंपाकघर ऐसपैस. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. चार वर्षांची नात पेला घ्यायला आत आली. इतकी मोकळी जागा, पण पोरगी अंग चोरून, भिंतीला खांदा घासत गेली. आजीला तिने पाहिलेलंही नाही.

“अशी का गं जातेस?”

तिला प्रश्नच कळला नाही. “अशीच जातात,” ती म्हणाली.



“काय ठरवलं, बाबा?” लेकीने न वळता विचारलं.

“सामान फार नाहीये माझं,” मी म्हटलं आणि चहाचा रिकामा कप ठेवायला उठलो. सहा वर्षांत पहिल्यांदा, ओट्यापाशी खरंच कोणी उभं असताना, मी भिंतीला खांदा घासत गेलो.