आदर्शची करकर

मे महिन्यात सेफ्टी बूट घालून फौंड्रीत बारा तास उभं राहून बघा, मग मला शहाणपण शिकवा. घरी येऊन पायरीवर बूट काढले की पायमोज्यांतून वाफा निघायच्या. सोप्यात खाटेवर पडलेले आमचे वडील, तात्या, डोळे मिटूनच म्हणायचे, "सयाजी आला वाटतं. अनुजा, खिडकी उघड." आणि माझी बायको खरंच उठून खिडकी उघडायची.

धाकटा भाऊ आदर्श इचलकरंजीत कापडाचा धंदा करतो. दर रविवारी यायचा. बाह्या दुमडलेला लिननचा पांढरा शर्ट, घोट्याच्या वर पँट आणि पायात कोल्हापुरी. तीही साधीसुधी न्हाय, तळाच्या थरात बी घालून शिवलेली, पाऊल टाकलं की करकर वाजणारी. गल्लीच्या तोंडाला करकर ऐकू आली की तात्या उठून बसायचे. "ये, ये आदर्श."

मला उभ्या जन्मात एकदा 'ये' म्हणाले असतील तर शपथ. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दिवसातून चारदा थेंब घालतोय मी, त्यासाठी शिफ्ट बदलून घेतली मी, आणि 'ये' कुणाला? रविवारच्या पावण्याला.

शेवटी मीही तसली चप्पल करायला टाकली. कारागिराला म्हणालो, "भावाच्या चपलेपेक्षा मोठ्यानं वाजली पायजे."

तो म्हणाला, "पायात घालायची हाय का वरातीत वाजवायची हाय?"

आठ दिवस तेल पाजलं तरी चावलीच, अंगठा सोलून निघाला. पण घामेजल्या पायाला वारा लागला आणि डोकंसुद्धा जरा निवलं.

रविवारी आदर्शच्या आधी गाठायचं म्हणून भर दुपारी बाहेर पडलो आणि गल्लीच्या तोंडापासून मुद्दाम पाय आपटत, करकरत आलो. पायरीवर चप्पल काढली.

"ये, ये आदर्श," म्हणत तात्या उठून बसले. डोळे मिटलेलेच.

मिळालं एकदाचं 'ये', तेही त्याच्या नावानं. बोलायला तोंड उघडणार तोवर तेच म्हणाले, "थेंबाची वेळ झाली रं. सयाजी भाईर गेलाय."

मी गुमान बाटली उचलली. झाकणाचा आवाज ऐकून त्यांनी तोंड फिरवलं.

"तू नगो घालू. तुझा हात घाईचा, मागं सगळं गालावर सांडलंस. येईल त्यो. मगाधरनं वास घेतोय, अजून कसा आला न्हाय."

मी त्यांची हनुवटी धरली, पापणी अलगद खाली ओढली आणि थेंब सोडला. तात्यांनी माझा हात चाचपला.

"सयाजी, पायमोजं कुठं गेलं रं?"

"तात्या," मी म्हणालो, "मला कधी 'ये' का म्हणत न्हाय?"

"घरातल्याला कोण 'ये' म्हणतंय?" ते वैतागलेच. "तू गेलतास कुठं?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला करकर वाजली. तात्या उठायला लागले.

"पडून ऱ्हावा, थेंब सांडंल," म्हणालो, आणि दाराकडं तोंड करून मीच हाळी दिली, "ये, ये आदर्श."